नेव्हीचा नवा ड्रेस आणि माझी काडीपेटी

कापड घेताना भरवसा कुणावर ठेवावा, सांगा पाहू? दुकानदारावर? तो तर विकायलाच बसलाय. शिंप्यावर? त्याला शिलाईशी मतलब. ठाणाच्या कडेला छापलेल्या अक्षरांवर? ती छापायला शाई लागते, इमान लागत नाही!

मी स्वतः कापडवाला. उरणच्या बाजारात पंचवीसेक वर्षं गादीवर बसतोय. त्याआधी टॉवेल-रुमालांचं गाठोडं खांद्यावर टाकून गावोगाव हिंडलो. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं कापडानंच शिकवलं. तर माझं म्हणणं असं, की भरवसा काडीवर ठेवावा. कापडाच्या कडेचा एक धागा ओढायचा आणि त्याला आगपेटीची काडी लावायची. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि चिमटीत राख उरते. फुंकली की गेली. टेरीकॉट असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा मणी धरतो. तो मणी गरम असताना बोटाला लागला, तर निघताना कातडी घेऊन निघतो.

काडी खोटं बोलत नाही. काडी लावली म्हणून सांगणारा बोलू शकतो.

आमचं निम्मं गिऱ्हाईक नेव्हीचं. पँट अल्टर करायची, नावाची पट्टी शिवायची, जादा जोड शिवून घ्यायचा, सगळे आमच्याकडे. आमचा टेलर सलीममास्तर, मूळचा आगरदांड्याचा. त्याच्या मशीनखाली दिवसभरात जशा चिंध्या साठतात, तसे दुकानात किस्से साठतात. चिंध्या संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से कुठं टाकणार? आणि गेल्या काही वर्षांत तर जरा जास्तच साठलेत, कारण नेव्हीनं कामाचा ड्रेस बदलला!

* * *

आधी जुन्या ड्रेसचं सांगतो. फिकट निळा शर्ट, गडद निळी पँट. साधा, बघायला शांत. पण पोरांना त्यात एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे क्रीज. इन्स्पेक्शनला उभं राहिलं की बाहीची घडी कशी, सुरीसारखी दिसली पाहिजे! सुती कापड दोन तासांत मान टाकतं. म्हणून सगळे आमच्याकडे येऊन टेरीकॉट शिवून घ्यायचे. रंग तोच, घडी मात्र मरेपर्यंत हलत नाही.

सगळे, एक सोडून. नरेश घरत. इथलाच, शेजारच्या गावचा. जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम. बारा वर्षं माझं गिऱ्हाईक आणि बारा वर्षं एकच मागणी, "शेट, सुती."

मित्र त्याची दुकानातच चेष्टा करायचे. "घरत, तुझा शर्ट बघ! गाईनं चघळून टाकलाय!"

"चघळू दे. माझ्या अंगाला चिकटत तरी नाही."

एकदा मी विचारलं, "अरे, खाली इंजिनरूमला तुम्हाला कपड्यांवरून चढवायची वेगळी डांगरी देतात ना? मग आतलं कापड कुठलंही असेना का!"

तो म्हणाला, "डांगरी असते शेट. पण आग डांगरी घालून होईपर्यंत थांबते का?" नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं एका सीनियरची पाठ बघितली होती. पाठ आणि शर्ट वेगळे ओळखू येत नव्हते, एवढंच सांगितलं.

म्हणून दर वेळी तो काडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मी धागा ओढायचा, जाळायचा, तो राख चिमटीत चोळायचा आणि म्हणायचा, "आता वहीत लिहा."

ही वही म्हणजे पैशांची नव्हे, ती वेगळी. ही मापवही. नाव, छाती, कंबर, उंची आणि कापड कुठलं. पुढच्या वेळी माणूस आला नाही तरी नुसत्या फोनवर कपडे शिवता यावेत, म्हणून. नेव्हीवाला कधी कुठं असेल सांगता येत नाही!

* * *

मग नवा ड्रेस आला. निळ्या-करड्या चौकोनी ठिपक्यांचा, पूर्ण बाहीचा, आत गोल गळ्याचा टी-शर्ट, पायात उंच बूट.

पहिलं कापड दुकानात आलं त्या दिवशी सलीममास्तरनं ते उलगडलं, उजेडात धरलं आणि ओरडला, "शेट, माल परत पाठवा! छपाई बिघडलीय!"

समजूत काढून त्याला मशीनवर बसवला. तासाभरानं बघतो तर हा अजून पहिल्याच खिशाशी! घामानं थबथबलेला. उभं आयुष्य चौकडीचे शर्ट शिवलेला माणूस, खिशाची रेघ शर्टाच्या रेघेला जुळलीच पाहिजे हा त्याचा धर्म. इथं एकही ठिपका दुसऱ्याला जुळेना.

समोर बसलेला नेव्हीवाला पोट धरून हसला. "मास्तर, न जुळणं हीच डिझाईन आहे!"

मास्तरनं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "तौबा! म्हणजे आता चुकीचं शिवलं तरी कुणाला कळणार नाही?"

तेव्हा आम्ही हसलो.

* * *

नव्या ड्रेसवर मत नाही असा एक नेव्हीवाला मला अजून भेटलेला नाही. गादीवर बसल्या बसल्या ऐकलेली काही सांगतो.

एक म्हणाला, "रुबाब आला शेट! आधी लोक विचारायचे, कुठल्या कंपनीत सिक्युरिटीला आहेस?"

दुसरा म्हणाला, "रुबाब घाल चुलीत. पूर्ण बाही, आत टी-शर्ट, मे महिना आणि लोखंडी डेक. पापड भाजतो तसे भाजतोय!"

तिसऱ्याची बायको सोबत होती. ती म्हणाली, "डाग दिसत नाहीत म्हणून मी आधी खूश होते. आता धुतलेला कुठला आणि धुवायचा कुठला, तेच कळत नाही. वास घेऊन ठरवते!"

जहाजावर स्वयंपाक करणारा एक जण येतो, अबोल माणूस. त्याला विचारलं, "तुझं काय मत?"

त्यानं डावा अंगठा दाखवला. टाके घातलेले. "भाजी चिरताना सुरी लागली. बाहीला पुसत पुसत पन्नास माणसांचं जेवण केलं. कुणाच्या लक्षात नाही आलं. जुन्या ड्रेसमध्ये असतो तर पहिल्याच मिनिटाला कुणीतरी ओरडलं असतं." मग जरा थांबून म्हणाला, "बाकी ड्रेस चांगला आहे."

* * *

साळवीकाका तळा गावाहून येतात. नेव्हीतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण दर वर्षी जुन्या निळ्या कापडाचा एक शर्ट माझ्याकडून शिवून नेतात. बागेत पाणी घालताना घालतात म्हणे. नव्या ड्रेसवर त्यांचं मत एका वाक्याचं. "आम्ही समुद्रासारखे दिसायचो. हे बघ, समुद्राला गोवर आलाय!"

मागच्या खेपेला आले ते जरा ओढलेले दिसले. बाकावर बसले, पाणी मागितलं. म्हणाले, "तो निळा मिळतो का अजून?"

"शेवटचं ठाण आहे काका. पुढं येणार नाही."

"मग पँट-शर्ट दोन्ही फाडा. नवा जोड कपाटात ठेवायचाय. मुलाला सांगून ठेवलंय, मी गेलो की हाच घालायचा म्हणून."

अशा वेळी काय बोलावं ते दुकानदारीत कुणी शिकवत नाही. मी उगाच धंद्याचं बोललो. "काका, टेरीकॉट देऊ? घडी चांगली राहते."

"सुतीच दे," काका म्हणाले. "जळायला सोपं."

* * *

आता मुद्द्यावर येतो. एक दिवस दुकानात चार-पाच नेव्हीवाले होते, नरेशही होता. एका कोपऱ्यात नरेशची आई, हिरामावशी, लुगडं बघत बसलेल्या. नेव्हीवाल्यांतला एक बोलका गडी किस्सा रंगवायला लागला.

जहाजावर सराव असतो म्हणे. माणूस पाण्यात पडला असं धरून एक पुतळा समुद्रात टाकतात आणि मग तो शोधून उचलायचा. पुतळा भगव्या रंगाचा. तर कुणीतरी टूम काढली, माणूस काय भगवे कपडे घालून पडणार आहे? चढवा याला नवा ड्रेस! चढवला, टाकला.

"आणि शेट, दहा मिनिटं आम्ही कठड्यावर उभे! दुर्बिणी, बोटं, आरडाओरडा! आणि तो बाप्पा कुठं? तर अगदी समोर! लाटेवर डुलतोय! सगळ्यांना दिसतोय आणि कुणालाच दिसत नाही!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. खरं किती आणि तिखट-मीठ किती, देव जाणे. पण हिरामावशींच्या हातातलं लुगडं खाली पडलं होतं.

"म्हंजी माजा पोर पडला तर दिसाचा न्हाय?"

नरेश म्हणाला, "आये, गंमत करतोय तो."

"तू गप. मी त्याला इचारते." त्या सरळ त्या बोलक्या गड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दिसाचा का न्हाय, तेवरं सांग."

त्या गड्यानं खाली पडलेलं लुगडं उचलून त्यांच्या हातात दिलं.

हिरामावशींचा नवरा मच्छीमार होता, वादळात गेला. होडी सापडली, माणूस सापडला नाही. हे आम्हा बाजारातल्यांना माहीत होतं. किस्सा सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी नरेश परत आला. रजा संपत आलेली, संध्याकाळी जहाज गाठायचं. नव्या ड्रेसचे सरकारकडून मिळालेले दोन जोड समुद्रावर वाळत नाहीत, तिसरा हवा होता. सोबत हिरामावशी, आणि त्यांच्या मुठीत लाल कापडाचा तुकडा. नवऱ्याच्या होडीचा बावटा! होडी विकली, बावटा तेवढा ठेवला होता.

"मास्तर, ह्यो कॉलरच्या आतून शिवा. पान्यात पडला तर कॉलर वर करंल. लाल दिसंल."

सलीममास्तर नरेशकडे बघायला लागला. "मावशी, युनिफॉर्मला असलं काही लावायची परवानगी नसते."

"तुमी आतून शिवा. परवानगी माज्याकडून घ्या."

नरेश हसला. "शिवा मास्तर. माझी कॉलर वर करून बघणार कोण?"

शिमग्याच्या आधीचे दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक बाई ब्लाऊजपीसचा रंग जुळवत होती, दुसरी पडद्याचं कापड उलटं घेऊन भांडत होती. त्याच सकाळी नव्या ड्रेसच्या कापडाचं ठाण मुंबईहून आलं होतं. व्यापारी वीस वर्षांच्या ओळखीचा. फोनवर म्हणाला होता, "शेट, सो टका कॉटन छे! आंख बंद करीने लई लो!"

मी डोळे बंद करून घेतलं होतं.

नरेश एकीकडे आईची आणि मास्तरची हुज्जत ऐकत होता. मान न वळवताच त्यानं विचारलं, "शेट, काडी लावलीत का?"

माझ्या एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्या हातात कात्री.

"लावली," मी म्हणालो.

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं राख चोळून बघितली नाही. म्हणाला, "मग लिहा वहीत."

मी लिहिलं. नरेश घरत, नवा ड्रेस, एक जोड, सुती.

दुपारपर्यंत मास्तरनं जोड शिवून दिला. कॉलरखाली बावट्याची पट्टी, बारीक टाक्यानं, वरून मागमूस नाही. हिरामावशींनी ती दोनदा ओढून बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता माजा जीव भांड्यात पडला."

* * *

चौथ्या दिवशी मास्तर त्याच ठाणातल्या दुसऱ्या पँटला इस्त्री करत होता. मला हाक मारली. "शेट, जरा या."

इस्त्रीच्या तळाला काळा चिकटा. पँटच्या मांडीला बोटभर चकाकता डाग.

मी धागा ओढला. काडी लावली. धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा मणी.

दुसरा धागा ओढला. मणी. आडवा धागा ओढला. मणी.

मास्तरनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "नरेशला फोन लावा."

लावला. बंद. जहाज समुद्रावर गेलं की त्यांचे फोन बंदच.

व्यापाऱ्याला लावला. तो म्हणाला, "शेट, मला मिलवाल्यानं जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं. मी काय एकेका ठाणाला काडी लावत बसू?"

बघा कसं असतं! नरेशनं माझ्यावर भरवसा ठेवला, मी व्यापाऱ्यावर, व्यापाऱ्यानं मिलवाल्यावर. आगपेटी मात्र सगळ्यांच्याच खिशात होती.

हिरामावशींचं घर स्कूटरवर दहा मिनिटं. त्यांच्याकडे निरोप ठेवता आला असता. नरेश बंदराला लागला की आधी आईला फोन करायचा, हे मला माहीत होतं. स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि परत खुंटीला टांगली. त्यांना काय सांगणार होतो? खोटं बोललो म्हणून? बाजारात गोष्ट फुटायला एक दुपार पुरते, आणि पंचवीस वर्षांचं नाव! जहाज आलं की गुपचूप बदलून देऊ, असं ठरवलं. तो जोड नरेश वर डेकवरच घालेल, खाली इंजिनरूममध्ये डांगरी असतेच, असंही स्वतःला सांगितलं.

ठाण माळ्यावर टाकलं. वही उघडली, "सुती"वर पेन टेकवलं. तिथं शाईचा एक ठिपका पडला. तेवढाच. वही मिटली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर मास्तरनं स्वतःच्या पैशांनी एक आगपेटी आणून मशीनवर ठेवली होती. आलेल्या प्रत्येक कापडाचा धागा ओढून, आधी जाळून मगच कात्री लावायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय मास्तर, शिलाई की होम?"

मास्तर हसायचा नाही.

* * *

त्या दिवसांत किस्से काही थांबले नव्हते. एक नेव्हीवाला फुशारकी मारत होता, "नव्या ड्रेसची गंमत माहीत आहे का? आगीत लवकर पेटत नाही म्हणे!"

"सरकारी नसेल पेटत," मास्तर मशीनवरून म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पायडल मारायला लागला.

दुसरा एक जण सांगत होता, नवीन ड्रेस घालून पहिल्यांदा घरी गेला तर घरचा कुत्रा अंगावर आला. "ड्रेस निळा होता तोवर शेपूट हलवायचा शेट! आता माझ्या आवाजावरसुद्धा विश्वास ठेवत नाही!"

सगळे हसले. मी कॅलेंडरकडे बघत होतो. त्या महिन्यात मी कॅलेंडर फार बघितलं. जहाज कधी येतंय, एवढा एकच हिशोब डोक्यात.

आणि हिरामावशी! दर आठवड्याला बाजारात आल्या की दुकानाच्या पायरीशी थांबायच्या. "शेट, पोराचा फोन न्हाय आला. पन माना घोर न्हाय. लाल हाय ना कॉलरला!"

"हो मावशी," मी म्हणायचो. "आहे ना."

* * *

नरेशच्याच जहाजावरचा एक उत्तरेकडचा गडी पँट अल्टर करायला आला. मी विचारायच्या आधी त्यानंच सुरुवात केली.

"शेट, घरत का पता चला?"

मास्तरचं मशीन थांबलं.

आग छोटी होती, तो म्हणाला. पंपातून तेल गळलं आणि भडका उडाला. पाच मिनिटांत विझली. नरेशची ड्युटी नव्हती. वर चहा पीत बसला होता, अलार्म झाला तसा अंगावरच्या कपड्यांनिशी खाली धावला. डांगरी अडकवायला थांबला नाही, कारण खाली दोन जण अडकले होते. दोघांनाही बाहेर काढलं.

"सब ठीक हैं. बस, घरत का हाथ…" त्यानं स्वतःच्या डाव्या बाहीवरून हात फिरवला, मनगटापासून कोपरापर्यंत. "कपड़ा चिपक गया था शेट. उतरा नहीं. अस्पताल में निकालना पड़ा."

मी गादीवर बसलो होतो, तसाच बसून राहिलो.

"एक बात समझ में नहीं आई," तो गडी पँटची बॉटम दुमडून दाखवत म्हणाला. "जाते जाते हमने बोला, डांगरी तो पहन ले. बोला, टाइम नहीं है, मेरा तो कॉटन है."

मग म्हणाला, "यहाँ से एक इंच कम कर देना, मास्टरजी."

* * *

हॉस्पिटलात मी गेलो नाही. तेवढं धाडस असतं तर स्कूटर आधीच बाहेर काढली असती.

तो स्वतःच आला. भर दुपारी, रिक्षातून. सोबत हिरामावशी. डाव्या हातावर घट्ट, कातडीच्या रंगाचा मोजा चढवलेला, बोटं नीट वळत नव्हती. पायरी चढून नेहमीसारखं म्हणाला, "काय शेट, धंदा कसा?"

मी म्हणालो, "बस."

तो बसला नाही. सलीममास्तरकडे वळला. "मास्तर, माप घ्या. जुनं चालायचं नाही. डावी बाही ढगळ हवी."

मास्तरनं टेप गळ्यातून काढला. मनगट मोजलं, आकडा विसरला. परत मोजलं, परत विसरला. तिसऱ्या वेळी नरेशनंच आकडा वाचून सांगितला.

"शेट, मापवही द्या."

मी दिली. त्यानं उजव्या हातानं पानं उलटली, स्वतःची ओळ काढली आणि दुकानभर ऐकू जाईल असं वाचलं. "नरेश घरत. नवा ड्रेस. एक जोड. सुती." मग त्या शाईच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कसला?"

मी वही मिटायला हात पुढं केला, त्यानं बोट काढलं नाही.

हिरामावशींनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. सोडली. आत कॉलर होती. हॉस्पिटलात शर्ट कापून काढला, तेव्हा एवढीच धड उरली होती. आतली लाल पट्टी जशीच्या तशी. मास्तरचा एक टाकासुद्धा उसवला नव्हता.

"मी पान्याला भ्याले रं शेट," त्या म्हणाल्या. "इस्तवाचं माज्या ध्यानातच न्हाय आलं."

नरेशनं कॉलरच्या कडेचा एक धागा ओढला. लाल सोडून, ठिपक्यांच्या कापडाचा. माझ्यापुढं धरला.

"शेट, काडी."

पहिली काडी विझली. दुसरी मोडली. मास्तरनं मशीनवरची आगपेटी माझ्या हातात दिली. तिसरी पेटली.

धागा आक्रसला. टोकाला काळा मणी धरला. नरेश तो गार होईपर्यंत बघत राहिला. मग बोटानं उचलून वहीच्या त्या ओळीवर ठेवला आणि पेन माझ्यापुढं सरकवलं.

"लिहा."

मी लिहिलं. "सुती" खोडून, टेरीकॉट, काडी न लावता. वही त्याच्याकडे फिरवली. त्यानं वाचलं, मान हलवली आणि आईकडे सरकवली.

हिरामावशींनी शाईवर बोट टेकवलं. ओली होती, बोटाला लागली. त्यांनी ते बोट लुगड्याला पुसलं नाही.

"काय लिवलंव, माना वाचाया येत न्हाय, शेट," त्या म्हणाल्या. "म्हनून सांगते. वही खरी ठेवा."